दारू दोन मिनिटांवर, ग्रुप पंचेचाळीस किलोमीटरवर

१० जून २०२५ ला राज्य मंत्रिमंडळानं दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं आणि संध्याकाळपर्यंत आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर श्रद्धांजलीचे फोटो यायला लागले. बाटलीला हार, खाली ‘भावपूर्ण’. विदेशी मद्याच्या १८० मिलीच्या बाटलीची किमान किंमत २०५ रुपये, देशीची ८०, आणि दोघांच्या मधे ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाचा नवाच प्रकार, १४८ रुपयांना. यातून सरकारच्या तिजोरीत वर्षाला आणखी १४ हजार कोटी येतील असा अंदाज. मग महिनाभर सगळे बोलले. १४ जुलैला हॉटेल-बारवाल्यांनी बंद पाळला. चॅनलवर महसुलाचे आकडे फिरले. तळीरामांवरचे तेच जुने जोक परत आले.

मी हे सगळं जरा जास्तच लक्ष देऊन वाचत होते. माझ्या मामाला दारू सोडायची आहे. त्याला त्याच्या गावाजवळ, त्याच्यासारखीच सोडू पाहणारी माणसं कुठे भेटतील, हा माझा साधा प्रश्न होता. महिनाभराच्या चर्चेत दुकानदार होता, बारमालक होता, उत्पादक होता, अर्थखातं होतं. पिणाराही होता, पण गिऱ्हाईक म्हणून. सोडू पाहणारा मला कुठेच दिसला नाही.

असंच आधीही झालं होतं. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीखाली दोन तरुण इंजिनीअर गेले, तेव्हा बाल न्याय मंडळाच्या पहिल्या आदेशातला ३०० शब्दांचा निबंध देशभर गाजला. गाजायलाच हवा होता. पण त्याच आदेशात दारू सोडण्यासाठी डॉक्टरांची मदत घेण्याची आणि समुपदेशनाची अटही होती. ती किती जणांच्या लक्षात आहे? आपल्याकडे दारूची बातमी होते ती अपघाताची, धाडीची किंवा किमतीची. सोडण्याची होत नाही. त्यामुळे सोडायची वेळ आली की आपल्याला पहिलं पाऊल कुठे टाकायचं तेच माहीत नसतं.

आकडा बघा. ‘एम्स’नं केंद्र सरकारसाठी केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. भारतात साधारण १६ कोटी लोक दारू पितात, त्यातल्या सुमारे पावणेसहा कोटी लोकांना तिच्यासाठी मदतीची गरज आहे, म्हणजे पिणं एकतर अपायकारक झालंय किंवा व्यसन झालंय. आणि व्यसन जडलेल्या ३८ माणसांमागे एकालाच कुठलीतरी मदत मिळते. भरती होऊन उपचार घेणारा १८० मधला एक. माझा मामा १८० मधला तो एक होता. तरीही पुरलं नाही.

का पुरलं नाही ते सांगते. (मामानं परवानगी दिली आहे, गावाचं नाव न लिहिण्याच्या अटीवर. सांगली जिल्हा, तालुक्याचं ठिकाण, एवढंच.) मामा पहिल्यांदा भरती झाला तो एका खासगी केंद्रात. आम्ही घाबरलेले होतो, गेटवरच पैसे भरले, काही विचारलं नाही. आठ दिवसांनी मामी भेटायला गेली तर त्याला डॉक्टरनं एकदाही तपासलं नव्हतं आणि दाराला बाहेरून कडी होती. ती त्याला घेऊनच आली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार दारूच्या व्यसनावर उपचार करणारी केंद्रंही मानसिक आरोग्य संस्थांत मोडतात, त्यांना नोंदणी लागते, आणि ‘नोंदणी दाखवा’ म्हणायचा आपल्याला हक्क आहे, हे मला नंतर कळलं. मास कॉमला मीडिया लॉ शिकवतात. हा कायदा नाही शिकवत.

दुसरं केंद्र चांगलं होतं. डॉक्टर, समुपदेशन, योगासनं, सगळं. जानेवारीत गेला, फेब्रुवारीत परत आला, अंगानं भरला होता, सकाळी फिरायला जात होता. एप्रिलमध्ये गावची यात्रा आली. मित्र म्हणाले, एक घोट, देवाचं नाव घेऊन. त्यानं घेतला. मेमध्ये पुन्हा रोज. पूर्वी विदेशी प्यायचा, जूनमध्ये ती महागल्यावर देशीवर आला. दरवाढीनं नवीन पोरं लांब राहत असतील, कर वाढला की एकूण खप कमी होतो असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पण ज्याला लागतेच तो एक पायरी खाली उतरतो. १४ हजार कोटींत माझ्या मामाचाही थोडा हिस्सा असणार.

केंद्रातून सुटताना त्याला सांगितलं होतं, ‘फॉलोअप चुकवू नका, ग्रुप पकडा.’ आम्ही ते ‘गरम पाणी प्या’सारखं ऐकलं. आता वाटतं, सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच होतं. केंद्र म्हणजे महिना-सव्वा महिना, चार भिंती, बाहेर बाटली नाही. तिथं शरीरातली दारू जाते. पुढची सगळी वर्षं मात्र स्वतःच्या गल्लीत काढायची असतात. तिथं संध्याकाळी सात वाजता काय करायचं, हळदीला गेलं तर कुठे बसायचं, ‘काय राव, बायकोला घाबरला का’ला उत्तर काय द्यायचं, हे केंद्रात बसून शिकता येत नाही. ते सांगणारा माणूस आधी त्याच रस्त्यानं गेलेला लागतो. आणि तो जवळ लागतो. सपोर्ट ग्रुप म्हणजे एवढंच. तिथं डॉक्टर नसतो, फी नसते, भरती नसते.

याची सुरुवातसुद्धा शोधाशोधीतूनच झाली आहे. १९३५ मध्ये बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअर बाजारातला माणूस कामासाठी अमेरिकेतल्याच ॲक्रन नावाच्या गावी गेला. पाच-सहा महिनेच झाले होते त्याला सोडून. काम फिसकटलं, हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा, एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्यानं टेलिफोन धरला आणि तिथल्या चर्चना फोन लावायला सुरुवात केली. प्रवचन ऐकायचं नव्हतं त्याला. या गावात दारूनं बेजार झालेला दुसरा कुणी आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय, एवढंच विचारायचं होतं. त्या फोनाफोनीतून डॉ. बॉब स्मिथ नावाचा सर्जन भेटला. दोघं बोलत बसले. डॉ. बॉबनं शेवटचा घोट घेतला तो दिवस १० जून १९३५, आणि तोच ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’चा, म्हणजे ए.ए.चा, स्थापना दिवस मानतात. हो, १० जून. आपल्याकडची दरवाढ बरोबर ९० वर्षांनी त्याच तारखेला झाली. योगायोग आहे, पण मला लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

ए.ए. भारतात १९५७ मध्ये दिल्लीत सुरू झाली. आपल्याकडे पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं ‘मुक्तांगण’ उभं केलं. ते सुरू झालं गर्दसाठी, पण दारूचेच पेशंट वाढत गेले. बाहेर पडलेल्यांचे फॉलोअप गट, पेशंटच्या बायकांसाठी ‘सहचरी’, पुढे २००९ मध्ये बायकांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग. मुंबईत १९८१ पासून फादर जो परेरांचं ‘कृपा फाउंडेशन’ आहे, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची ‘आयपीएच’. म्हणजे महाराष्ट्रात काहीच नाही असं म्हणणं खोटं होईल. पुणे-मुंबईत राहणाऱ्याला आठवड्याच्या कुठल्याही दिवशी, रिक्षाच्या अंतरावर, बसायला जागा मिळू शकते. प्रश्न पुण्या-मुंबईच्या बाहेरचा आहे. आणि शहरातसुद्धा, ती जागा आहे हे कळण्याचा आहे.

कारण ‘अनॉनिमस’. निनावी राहायचं म्हणून बोर्ड नाही, जाहिरात नाही, फ्लेक्सवर कुणाचे हात जोडलेले फोटो नाहीत. (महाराष्ट्रात फ्लेक्स नसलेली संघटना, विचार करा.) ए.ए.चं देशाचं कार्यालय मुंबईत आहे, शहरांनुसार मीटिंगची ठिकाणं आणि फोन त्यांच्याकडून मिळतात. पण एक खबरदारी: यादीतला पत्ता जुना असू शकतो. मी पहिल्या ठिकाणी गेले तर शाळेचं गेट बंद, वॉचमनला काही माहीत नाही. म्हणून आधी फोन करायचा. आणि फोनवर दोन गोष्टी विचारायच्या. मीटिंग अजून तिथेच भरते का, आणि ती ओपन आहे की क्लोज्ड. क्लोज्डमध्ये ज्यांना स्वतःला दारू सोडायची आहे तेच बसतात. ओपनला घरचे, मित्र, माझ्यासारखी उत्सुक माणसंही चालतात.

मी फोन केला, पत्रकारितेची विद्यार्थिनी आहे हे सांगितलं, ते म्हणाले या, पण नाव नाही, फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही. पेठेतली महापालिकेची शाळा, तिसरीचा वर्ग, संध्याकाळी सात. फळ्यावर सकाळचा सुविचार तसाच होता. बाक तिसरीच्या मुलांचे, आणि त्यात बसलेली पन्नाशीची माणसं, गुडघे छातीला लागलेले. एक जण बँकेतून थेट आलेला, गळ्यात आयकार्ड. एक रिक्षावाले काका, खाकी शर्टात. एक आजोबा इस्त्रीचा पांढरा झब्बा घालून, त्यांच्यासाठी सगळ्यांनी भिंतीजवळची खुर्ची राखून ठेवलेली. वीसेक जण. बाई एक. माझ्या वयाचा कुणी नाही.

आत काय बोलले ते लिहिणार नाही. सुरुवातीलाच सांगितलं होतं की इथलं इथेच ठेवायचं, आणि ते पाळणं ही मला वाटतं या सगळ्या यंत्रणेची एकमेव भिंत आहे. एवढं सांगते: कुणी कुणाला उपदेश केला नाही. एक बोलत असताना दुसरा मधे बोलत नाही, प्रश्न विचारत नाही, ‘अरे मग तू असं कर ना’ म्हणत नाही. घरी आम्ही पंधरा वर्षं मामाला ‘असं कर ना’ म्हणत आलोय. पंधरा वर्षांत त्याला सलग पाच मिनिटं बोलू दिलेलं मला आठवत नाही.

मग एक पत्र्याचा डबा फिरला. दहा, वीस, पन्नास. माझ्यापाशी आला तेव्हा शेजारच्या काकांनी तो हळूच पुढे सरकवला. बाहेरच्यांचे पैसे ए.ए. घेत नाही. सरकारचे नाही, ट्रस्टचे नाही, माझे वीस रुपयेही नाहीत. वर्गाचं भाडं, चहा, छापील पुस्तिका, सगळं त्या डब्यातून. बाहेर आल्यावर मी मुद्दाम हिशेब करायला गेले, एका बाजूला १४ हजार कोटी, दुसऱ्या बाजूला हा डबा, आणि मग सोडून दिलं. दोघांची तुलना होतच नाही. तरीही एक गोष्ट म्हणायचीच आहे: ग्रुप सरकारी पैसे घेत नाही म्हणून सरकारची सुटका होत नाही. राज्याचं व्यसनमुक्ती धोरण २०११ मध्येच आलं आहे. शाळेचा एक वर्ग संध्याकाळी उघडा ठेवणं, सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात जवळच्या ग्रुपचा पत्ता लावणं, एसटी स्टँडवर गुटख्याच्या जाहिरातीशेजारी १४४४६ हा नंबर लिहिणं, याला कुणाच्या डब्यात पैसे टाकावे लागत नाहीत.

१४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन. मानसिक आरोग्यासाठीची ‘टेली मानस’ १४४१६, तिथंही बोलता येतं. दोन्हीला पैसे लागत नाहीत.

मीटिंगनंतर गेटजवळच्या टपरीवर एका काकांनी चहा पाजला. मी त्यांना देवाबद्दल विचारलं, कारण ए.ए.च्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख आहे आणि माझ्या वर्गातले निम्मे लोक तिथंच अडतील. ते हसले. म्हणाले, ‘तुला जसा कळतो तसा, असंच लिहिलंय तिथं. मला सुरुवातीला काहीच कळत नव्हता. मी म्हणायचो, माझा देव सात वाजता तिसरीच्या वर्गात भेटतो.’ हे छापलं तर चालेल का, विचारलं. चालेल म्हणाले.

याचा उपयोग होतो का, की नुसतं बरं वाटतं? २०२० मध्ये कॉक्रेन या संशोधनांची छाननी करणाऱ्या संस्थेनं २७ अभ्यास आणि दहा हजारांवर लोकांची माहिती एकत्र तपासली. नीट आखलेल्या पद्धतीनं ए.ए.कडे वळवलेल्यांपैकी वर्षभरानंतर ४२ टक्के पूर्ण दारूमुक्त होते, इतर उपचारांत हे प्रमाण ३५ टक्के. अभ्यास बहुतेक अमेरिकेतले, हे लक्षात ठेवायला हवं. ४२ म्हणजे १०० नाही, हेही. पण फी शून्य असलेल्या गोष्टीसाठी हा आकडा कमी नाही. आपल्या जवळचा पुरावा गोव्यातला आहे. तिथं डॉ. विक्रम पटेल, डॉ. अभिजित नाडकर्णी यांच्या चमूनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत अपायकारक पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांनी मोजक्या भेटींत समुपदेशन केलं. तीन महिन्यांनी त्यातले ३६ टक्के सुधारलेले दिसले, नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत २६ टक्के. ही माणसं व्यसनाच्या अलीकडची होती, मामासारखी नाही. पण केंद्र गावातलं होतं, बोलणारा गावातला होता. २०१७ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलंय.

आता ‘अलीकडची’वर थांबते, कारण हे पान वाचणारे बहुतेक जण तिथे असतील. आपल्याला वाटतं व्यसनी म्हणजे गटारीला रस्त्यात पडलेला काका. हॉस्टेलवर दर शुक्रवारी ‘आउट’ होणारा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. आठ किंवा जास्त गुण आले तर पिणं धोक्याच्या बाजूला गेलंय असं समजतात. या लेखासाठी वाचत होते तेव्हा रूममेट म्हणाली, मोठ्यानं विचार ना. मी विचारत गेले, ती मस्करीत उत्तरं देत गेली. काल रात्री काय झालं ते आठवत नाही असं किती वेळा होतं, या प्रश्नाला तिनं मस्करी केली नाही. बेरीज अकरा आली. तिनं लाइट बंद केला.

दोन दिवसांनी तिनंच विषय काढला. पेठेतल्या त्या वर्गात ती कधीच जाणार नाही, म्हणाली. वीस काका आणि मी? तिचं चूक नाही. ‘एम्स’च्या त्याच सर्वेक्षणात पुरुषांतलं पिण्याचं प्रमाण २७.३ टक्के, बायकांतलं १.६. त्यामुळे पिणारी मुलगी दुप्पट लपते. आई-बापांना, वॉर्डनला कळलं तर शिक्षण बंद. कॉलेजच्या समुपदेशन कक्षाला ती भिते, कारण तो प्राचार्यांच्या केबिनच्या शेजारी आहे. ए.ए.त रजिस्टर नाही, आडनाव कुणी विचारत नाही, सदस्य व्हायची अट एकच, पिणं थांबवायची इच्छा. हे मी तिला सांगितलं. सध्या ती ऑनलाइन मीटिंगला बसते, कॅमेरा बंद ठेवून. करोनात सुरू झालेल्या या मीटिंग अजून चालू आहेत, त्या वेळेपुरती मी गच्चीवर जाऊन बसते.

एक गोष्ट मात्र ग्रुपच्या आधीची. रोज भरपूर पिणाऱ्यानं जोशात एका रात्रीत, डॉक्टरला न विचारता बंद करू नये. हात थरथरणं, घाम, झोप न येणं इथून सुरू होऊन पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीव जाऊ शकतो. आमच्याकडे मामीनं एकदा त्याला खोलीत कोंडलं होतं. दुसऱ्या रात्री तो भिंतीवरच्या मुंग्या झटकत होता. मुंग्या नव्हत्या. आम्हाला वाटलं नाटक करतोय. तसंच ते ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’. मामीच्या कपाटात बाजारातून आणलेल्या तसल्या पुड्या निघाल्या, भाजीत कालवायच्या. आत काय आहे देव जाणे. दारूशी रिॲक्शन देणारं डायसल्फिराम नावाचं खरं औषध असतं, पण ते डॉक्टरनं द्यायचं आणि घेणाऱ्याला माहीत असायलाच हवं, कारण त्यावर तो प्यायला तर बीपी एकदम पडून जिवावर बेतू शकतं.

मामीसाठीही ग्रुप असतो हे आम्हाला कधी सुचलंच नव्हतं. कुटुंबीयांसाठीची ‘अल्-अनॉन’ १९५१ पासून आहे. पिणारा सोडो न सोडो, तुम्ही जाऊ शकता. मामी आता आठवड्यातून एकदा फोनवर ऐकते, तांदूळ निवडत. बोलत काही नाही. पण परवा पहिल्यांदाच मामाला तिनं ‘कुठे होतास’ विचारलं नाही, असं मामानंच मला आश्चर्यानं सांगितलं.

राहता राहिला मामाचा ग्रुप. सापडला, जिल्ह्याच्या ठिकाणी. पंचेचाळीस किलोमीटर. मीटिंग सात ते साडेआठ, परतीची शेवटची एसटी सव्वाआठला. दोनदा गेला, अर्ध्यातून उठून आला. गावात दारूचं दुकान घरापासून दोन मिनिटांवर आहे. एक परमिट रूम आणि दोन अशा जागा ज्यांना नाव नाही, पण पत्ता सगळ्यांना माहीत आहे.

मग मी त्याला ए.ए.तलीच एक गोष्ट सांगितली. दारू सोडायला म्हणून दोन-तीन माणसं एकत्र बसली तरी त्याला ग्रुप म्हणता येतं. मामा म्हणाला, ‘अगं, इथं निनावी कोण राहणार? माझा आवाज ऐकला तरी गाव ओळखतं.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. निनावीपणा शहरात जमतो. गावात जो भर चौकात पितो त्यालाही सोडताना लपावं लागतं, कारण पिण्याची चर्चा जुनी झालेली असते आणि सोडण्यावर पैजा लागतात. ‘बघू किती दिवस टिकतोय.’ मामाचं एप्रिलमध्ये तेच झालं होतं.

वाट त्यानंच काढली. केंद्रात त्याच्या बॅचला शेजारच्या गावातले दोघं होते. एकाचा भाऊ दूध डेअरीवर सचिव. संध्याकाळचं दूध संकलन आटोपलं की डेअरीचं ऑफिस रिकामं असतं. जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून दर गुरुवारी आठ वाजता तिघं तिथं बसतात. जिल्ह्याच्या ग्रुपमधला एक जुना माणूस फोनवर सोबत असतो, पुस्तिका त्यानंच पाठवल्या. चहा करायचा नाही असं ठरवलं, कारण चहा केला की डेअरीतले लोक थांबतात. गावाला वाटतं भिशी आहे. दोघांनी भिशीत नाव घालायचं का विचारलंसुद्धा.

या गुरुवारी मी मामाला साडेआठला फोन केला. दोघंच आले होते. तिसऱ्याचा फोन बंद. मामा म्हणाला, ‘ठेव आता, पाऊस उघडलाय, आम्ही त्याच्या घरी जाऊन येतो.’